भूक मारणारा पाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कोल्हापुरात बसून भूक कमी करण्याविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. आपल्या गावात भूक ही मिरवायची गोष्ट. पाहुणा ताटावरून लवकर उठला तर "का हो, जेवण आवडलं नाही वाटतं?" असं तोंडावर विचारणारी आपली माणसं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर इथं पैजा लागतात. गंगावेशीत किंवा मोतीबागेत पोरगा तालमीत दाखल झाला, की त्याच्या जोरबैठकांइतकीच चर्चा त्याच्या खुराकाची होते. दूध किती, बदाम किती, तूप किती. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, त्याच्याही आधीपासून या गावानं सडकून लागणाऱ्या भुकेला चांगल्या प्रकृतीचं लक्षण मानलं आहे.

त्याच गावात आता रिक्षांच्या पाठीवर, वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांवर आणि मोबाइलवर एकसारखी जाहिरात दिसते: भूक कमी, वजन कमी, शंभर टक्के वनस्पतिजन्य. तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, असे पन्नाशीतले पैलवानही हे घेतात आणि लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीही घेतात. गल्लीतल्याच कुणी वहिनी त्याची एजन्सी चालवतात, म्हणजे घेणाऱ्याला नाहीही म्हणता येत नाही.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. औषध देणं हे माझं काम नव्हे आणि आज मी ते करणारही नाही. पण गेली काही वर्षं माझे जुने विद्यार्थी अशा बाटल्या घेऊन घरी येतात. "सर, तुम्ही झाडपाल्यातले. हे घेऊ का?" मी भिंग काढतो आणि लेबल वाचतो. बहुतेक बाटल्यांवर तीन नावं फिरून फिरून येतात: गुडमार, कॅरल्युमा आणि गार्सिनिया. त्यांच्याखाली "इतर वनस्पती" असं मोघम काहीतरी असतं. या तिघींना मी डोंगरात, माळावर आणि बागेत भेटलेलो आहे. तेव्हा आधी त्यांची ओळख करून देतो. बाटलीत आणखी काय असतं, याकडे मग वळू.

गुडमार ही वेल आहे. आपल्याकडे पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या बाजूला झुडपांवर चढलेली सापडते. तिला कुणी बेडकीचा पाला म्हणतं, कुणी कावळी म्हणतं. गुडमार या नावातच तिचं काम सांगितलेलं आहे. गुळाला मारणारी. आणि कोल्हापुरात शिकवायला असल्यामुळे हा प्रयोग करताना मला गुळाची कधी वानवा पडली नाही. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची चव काय असते हे पोरांना मानांकनाच्या आधीपासूनच ठाऊक होतं. वर्गात मी प्रत्येकाला गुडमारचं एकेक पान चावायला द्यायचो. कडवट, तुरट लागतं. मिनिटभर जिभेवर घोळवायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि मग गुऱ्हाळावरून आणलेला खडा तोंडात टाकायचा. पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. गूळ लागायचा ओल्या मातीसारखा. साखर टाकली तर निव्वळ वाळू. मीठ खारट लागतंय, लिंबू आंबट लागतंय, मिरची तिचं काम चोख करतेय, फक्त गोडी तेवढी गायब. अर्ध्या तासानं, फार तर तासाभरानं ती हळूहळू परत येते.

होतं काय, तर या पानात जिम्नेमिक आम्लं असतात. आपल्या जिभेवर गोड ओळखणारे जे ग्राहक आहेत, त्यांना जाऊन ती चिकटतात आणि गोडाचा निरोप मेंदूपर्यंत जाऊ देत नाहीत. गंमत म्हणजे माणसावर ही जादू चालते, उंदरावर चालत नाही. जिभेजिभेत फरक असतो. माणसांवर ज्या छोट्या चाचण्या झाल्या, त्यांत गुडमार चघळल्यानंतर लगेच समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं लोकांनी कमी खाल्ली, असं दिसलं आहे. ते पटण्यासारखंही आहे. वाळू कोण खाईल?

पण आता बाटलीतली कॅप्सूल बघा. कॅप्सूल आपण गिळतो. ती जिभेवर उघडतच नाही, थेट पोटात जाते. म्हणजे गुडमारचा जो गुण मी वर्गात डोळ्यांदेखत दाखवत होतो, तो कॅप्सूलमध्ये भरल्याबरोबर निम्म्याहून अधिक वाया गेला. उरतो तो तिचा पोटातला परिणाम, रक्तातली साखर उतरवण्याचा. ज्याला मधुमेह आहे आणि जो आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो आहे, त्यानं डॉक्टरांना न सांगता वर हे चालू केलं तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. वेल साधी आहे, पण तिची गाठ कुणाच्या गोळ्यांशी पडते, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दुसरी ओळख करून देण्याआधी, बाटलीवर नसलेलं पण आपल्या प्रत्येकाच्या दारात असलेलं एक नाव घेतो. आघाडा. श्रावणात जिवतीला आपण आघाडा आणि दूर्वा वाहतो, गणपतीच्या पत्रीत तो असतो, आणि भाद्रपद सरला की त्याच्या वाळक्या काटेरी बिया धोतराला, परकराला चिकटून घरात येतात. या बियांची टरफलं काढली की आत बारीक तांदूळ निघतात. त्यांची दुधात शिजवलेली खीर खाल्ली की दिवसचे दिवस भूक लागत नाही, ही गोष्ट तुम्हीही आजीकडून ऐकली असेल. ती नुसती आजीची गोष्ट नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच आघाड्याच्या तांदळावरून पडलेलं आहे, अपामार्गतण्डुलीय. त्या अध्यायाच्या शेवटी निरनिराळ्या पेजा सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एक भूक नाहीशी करणारी. आघाड्याचे तांदूळ, दूध आणि घोरपडीच्या मांसाचा रस. (घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा ही पाककृती कुणी करून बघायला जाऊ नये.)

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चरकांनी ही पेज लठ्ठ माणसासाठी सांगितलेली नाही. लठ्ठपणाचा विचार त्यांनी त्याच सूत्रस्थानात, पण एकविसाव्या अध्यायात स्वतंत्रपणे केला आहे आणि तिथं भूक मारण्याचं औषध दिलेलं नाही. उलट स्थूल माणसाला भूक अनावर लागते, हे त्यांनी नेमकं टिपलं आहे आणि मग त्याला खायला काय द्यायचं ते सांगितलं आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आता कॅरल्युमा. नाव परकं वाटतं, पण झाड आपलंच. मराठीत हिला माकडशिंग म्हणतात. महाराष्ट्राच्या कोरड्या टापूत, खडकाळ माळावर, दगडांच्या बेचक्यात ही उगवते. पानं जवळजवळ नाहीतच. बोटाएवढे जाड, चौकोनी, हिरवे मांसल दांडे. ज्याला ठाऊक नाही तो निवडुंग समजून पुढं जातो. पण निवडुंगाचा आणि हिचा काही संबंध नाही. ही रुईच्या कुळातली. गुडमारही त्याच कुळातली, आणि पश्चिम घाटातली ती सुंदर कंदीलपुष्पंही, ज्यांना आपण खरचुडी म्हणतो, त्याच कुळातली. खरचुडीच्या बाबतीत तर कोल्हापूरला अभिमान वाटावा असं काम शिवाजी विद्यापीठात झालेलं आहे. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही नव्या जाती शोधल्या आणि दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवून जगवल्या. २०१७ साली काही वर्गीकरणतज्ज्ञांनी माकडशिंगेला आणि तिच्या देशोदेशीच्या बहिणींना उचलून थेट खरचुडीच्याच प्रजातीत घातलं. हे सगळ्यांना मान्य झालेलं नाही, पण नातं जवळचं आहे याबद्दल वाद नाही.

विद्यार्थ्यांना घेऊन मी जत-आटपाडीकडच्या माळावर जायचो, तेव्हा मेंढरामागं फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरानं मला माकडशिंग मोडून खायला दिली होती. किंचित खारट, तुरट, पाणीदार. मी विचारलं, "बाबा, हिनं भूक जाते का?" ते म्हणाले, "जात न्हाई मास्तर. जरा मागं सरती." दुपारची भाकरी लांबली, वाडा लांब राहिला की दोन कांड्या चावायच्या आणि चालत राहायचं. कुठं कुठं हिची भाजी, चटणी, लोणचंही करतात. दुष्काळात माणसांनी जे जे खाऊन दिवस काढले, त्या यादीत ही आहे.

हे ऐकताना मला नेहमी दुसऱ्या एका कोरड्या मुलखाची आठवण होते. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात सान नावाचे लोक राहतात. पिढ्यान् पिढ्या शिकारीवर जगलेले. शिकारीच्या मागं दिवसेंदिवस चालायचं, सोबत अन्न नाही, पाणी नाही. मग ते हूडिया नावाच्या एका मांसल, काटेरी झुडपाचे दांडे सोलून चघळत. ही हूडिया म्हणजे आपल्या माकडशिंगेची आफ्रिकेतली बहीण. दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी संशोधन परिषदेनं रानातल्या खाण्याजोग्या वनस्पती तपासता तपासता हूडियातला एक घटक वेगळा काढला, त्याला पी ५७ असं नाव दिलं आणि १९९५ साली पेटंटसाठी अर्ज केला. १९९७ मध्ये तो घटक एका ब्रिटिश कंपनीकडे गेला, १९९८ मध्ये तिच्याकडून फायझर या अमेरिकी कंपनीकडे. लठ्ठपणावरच्या औषधाला पाश्चात्त्य बाजारात किती गिऱ्हाईक आहे, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्या व्यवहारात एका पक्षाला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणजे सान लोक. ते आता उरलेच नाहीत, अशा समजुतीवर हा कारभार चालला होता, आणि ते तर लाखभराच्या संख्येनं जिवंत होते. ही गोष्ट २००१ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आली, आरडाओरडा झाला, आणि २००३ च्या मार्चमध्ये सान लोकांच्या परिषदेशी करार झाला. संशोधन परिषदेला जी रॉयल्टी मिळेल तिच्यातले सहा टक्के त्यांना द्यायचे. त्याच वर्षी फायझरनं अंग काढून घेतलं. २००४ मध्ये युनिलिव्हर पुढे आली, तिनंही खर्च केला आणि २००८ मध्ये नाद सोडला. पुढं २०११ साली त्यांच्याच कामातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जादा वजनाच्या स्त्रियांना पंधरा दिवस हूडियाचा अर्क घातलेलं दह्याचं पेय दिलं होतं. ना खाणं कमी झालं, ना वजन. उलट मळमळ, उलट्या, वाढलेला रक्तदाब आणि यकृताच्या तपासणीत फरक, असं मात्र दिसलं. सान लोकांच्या हाती सहा टक्क्यांतून फारसं काही लागलं नाही. मधल्या काळात रानातली हूडिया इतकी उपटली गेली, की २००४ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

मग आपली माकडशिंग? तिची चाचणी बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेत झाली आणि २००७ साली प्रसिद्ध झाली. पन्नास माणसं, साठ दिवस, रोज एक ग्रॅम अर्क. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तसंच दिसणारं पण आत काही नसलेलं औषध. अर्क घेणाऱ्यांनी भूक कमी लागते असं सांगितलं, कमरेचा घेरही थोडा उतरला. पण वजनाचा हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आता या निकालातला कुठला भाग जाहिरातीत जातो आणि कुठला जात नाही, हे मी सांगायला हवं का? माळावरचे धनगरबाबा जे म्हणाले होते तेच साठ दिवसांनी प्रयोगशाळेतून बाहेर आलं. भूक जरा मागं सरते. एवढंच.

आणि बाबांची गरज काय होती, तेही लक्षात घ्या. त्यांना दुपारची भाकरी मिळायला उशीर होणार होता. संध्याकाळी वाड्यावर गेलं की ते पोटभर जेवणार होते. सानांचंही तसंच. शिकार मिळाली की सगळी वस्ती तुडुंब खाणार. हा पाला अन्नापर्यंत पोचण्यासाठी होता. दोन वेळच्या जेवणाची शाश्वती असलेल्या माणसानं तो वर्षानुवर्षं रोज खाल्ला तर शरीराचं काय होतं, याचा अनुभव ना धनगरांच्या गाठीशी होता, ना सानांच्या. "पूर्वापार वापरात असलेली" असं बाटलीवर लिहितात तेव्हा ते खरंही असतं आणि नसतंही.

गार्सिनियाची गोष्ट थोडक्यात सांगतो. आपलं कोकम गार्सिनियाच. बाटलीतली बहुधा तिची केरळकडची बहीण असते, मलबारी चिंच, जी ते लोक माशाच्या कालवणात घालतात. या फळांच्या सालीतलं आंबट आम्ल नेमकं कोणतं, हे १९६५ साली म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकांतन यांनी शोधून काढलं. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. पिष्टमय अन्नापासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवतं, हे पुढं अमेरिकेत दिसलं, आणि उंदरांचं खाणंही त्यानं कमी झालं. झालं, दुकानं उघडली. मग १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे रीतसर चाचणी घेतली. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोनं उतरलं. आणि ज्यांच्या गोळीत काहीच नव्हतं त्यांचं? ४.१ किलोनं. दोन्ही गटांना आहार मोजून दिलेला होता, वजन उतरलं ते त्यानं. पुढं अशा अनेक चाचण्यांची बेरीज केली तेव्हा गोळीच्या खात्यावर किलोभरही जमा झाला नाही. याउलट गार्सिनियाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. काहींना यकृत बदलावं लागलं आहे. म्हणून कुणी सोलकढी प्यायची सोडू नये. वाटीभर सोलकढी निराळी आणि रोज ग्रॅम-ग्रॅमनं घेतलेला घट्ट अर्क निराळा.

झाडांची ओळख इथं संपली. मला जास्त काळजी वाटते ती बाटलीत असूनही लेबलावर नसलेल्या गोष्टींची.

ओळखीच्या एका घरातली अकरावीतली मुलगी. वर्गात कुणी तरी चिडवलं असेल. मैत्रिणीकडून तिनं अशा कॅप्सूल मिळवल्या आणि कपाटात कपड्यांखाली ठेवल्या. तीन आठवड्यांत वजन खरंच उतरलं. भूक नाही, झोप नाही, तोंड कोरडं, आणि एका संध्याकाळी जिना चढताना छातीत इतकं धडधडायला लागलं की ती पायरीवरच बसली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाटली बाहेर आली. कॅप्सूल थांबवल्या, आठवड्याभरात पोरगी ताळ्यावर आली. तिच्या आईनं बाटली माझ्याकडे आणली. लेबलावर तीच तीन नावं. मी आयुष्यभर या वनस्पती हाताळल्या आहेत. यांतली कुठलीही भुकेला इतक्या झपाट्यानं मारत नाही आणि झोप उडवत नाही. त्या बाटलीत काय होतं ते तपासलं गेलं नाही, म्हणून त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण अशा बाटल्यांत काय सापडतं, हे जगभर तपासलं गेलेलं आहे.

त्याचं नाव सिब्युट्रामिन. हे मेंदूवर काम करून भूक मारणारं रासायनिक औषध होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. त्यानं हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात असं दिसल्यावर २०१० साली युरोप-अमेरिकेतून ते मागं घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतानंही त्यावर बंदी घातली. दुकानातून ते गेलं आणि वनस्पतिजन्य म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये चोरून शिरलं. अमेरिकेचं औषध प्रशासन अशा मालाची नावं वर्षानुवर्षं जाहीर करत आलं आहे. पाल्याच्या गोळीनं भूक अगदी मेल्यासारखी झाली, तर आनंद मानू नका, घाबरा. पाल्याचा तो हिसका नसतो. (पाल्यातही अपवाद आहेत. एफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या खरोखरच भूक मारायच्या, पण त्यांनी माणसं दगावली आणि २००४ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यावर बंदी आणली.)

तुम्ही म्हणाल, सरकार काय करतं? कायदा आहे, आणि जुना आहे. १९५४ च्या जादूटोण्याच्या औषधांविषयीच्या आणि आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याला एक यादी जोडलेली आहे. ज्या विकारांवर औषध असल्याची जाहिरात करायचीच नाही, अशा विकारांची. त्यात लठ्ठपणा आहे. मग या जाहिराती चालतात कशा? बाटली "औषध" म्हणून विकतच नाहीत, "अन्नपूरक" म्हणून विकतात. अन्नपूरकांच्या नियमाप्रमाणे त्यावर "औषधी उपयोगासाठी नाही" असं छापावं लागतं, आणि ते छापलेलंही असतं. समोर मोठ्या अक्षरात वजन उतरवण्याचं वचन आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात हे वाक्य. माझ्या भिंगाचा सगळ्यात जास्त उपयोग ते शोधायला होतो. वचन अति वाटलं तर बाटली अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नेऊन तक्रार देता येते. त्याला वकील लागत नाही.

२०२५ मध्ये भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली आणि तेव्हापासून जाहिरातदारांना आणखी एक वाक्य मिळालं आहे, "इंजेक्शनचं काम करणारी वनस्पती." ती वनस्पती म्हणजे दारुहळद, तिच्यातलं बर्बेरिन. त्यानं साखर आणि चरबी थोडी उतरते, पोट बिघडतं, आणि इतर औषधांच्या कामात ते ढवळाढवळ करतं. त्या इंजेक्शनांच्या परिणामाच्या जवळपासही ते जात नाही. इंजेक्शन घ्यावं की नाही, हा तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न.

आता चरकांकडे परत येतो. एकविसाव्या अध्यायात स्थूल माणसासाठी त्यांनी सूत्र दिलं आहे, की त्याला पचायला जड पण पोषणाला हलकं अन्न द्यावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोडंच वाटलं होतं. जड आणि हलकं एकदम कसं? पण त्यांनी दिलेली नावं बघा: जव, सावा, मूग, कुळीथ, पडवळ, आवळा. ही पोटात बराच वेळ राहतात, जागा व्यापतात, आणि पदरी चरबी फार टाकत नाहीत. आज आपण ज्याला तंतुमय आहार म्हणतो तो हाच. पोटाची पिशवी ताणली गेली, अन्न आतड्यात सावकाश उतरलं, की आतड्यातून मेंदूला "पुरे" असा निरोप जातो. तो पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मिसळीबरोबर पावाच्या स्लाइसमागून स्लाइस पाच मिनिटांत संपवल्या, तर निरोप पोचेपर्यंत ताट कोरं झालेलं असतं. तेवढ्याच वेळात ज्वारीची एक भाकरी आणि कुळथाचं पिठलं चावून खायला घ्या, संपणार नाही. आपल्याकडे सकाळी नाश्त्याला भाकरी होती, तिची जागा पाव-खारीनं कधी घेतली ते आपल्याला कळलंही नाही.

वनस्पतींमधल्या भूक आवरणाऱ्या पदार्थांपैकी बऱ्यापैकी पुरावा असलेला पदार्थही याच जातीचा निघाला. आपल्या सुरणाचा एक भाऊ आहे, कोंजॅक, चीन-जपानकडे खातात. त्याच्या कंदातला ग्लुकोमॅनन नावाचा तंतू पाण्यात भयंकर फुगतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१० साली वजन कमी करण्यासाठी त्याचा दावा मान्य केला, पण दोन अटी घालून. दिवसाला तीन ग्रॅम, तीन वेळा विभागून, प्रत्येक वेळी जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर. आणि सोबत आहार कमी केलेला असला पाहिजे. पाण्याची अट उगीच नाही. याच्या कोरड्या गोळ्या घशात फुगून अन्ननलिका बंद झाल्याच्या घटना घडल्या आणि ऑस्ट्रेलियानं १९८५ मध्येच त्या गोळ्यांवर बंदी घातली होती.

आपल्याकडे कोंजॅक शोधत फिरायची गरज नाही. इसबगोल प्रत्येक किराणा दुकानात आहे आणि पोट भरल्यासारखं वाटायला त्याची मदत होते. चमचाभर इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात कालवून, फुगून घट्ट व्हायच्या आत प्यावा, वर आणखी ग्लासभर पाणी घ्यावं. कोरडा कधीही तोंडात टाकू नये. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्यांची रोजची औषधं आहेत त्यांनी ती आधी घेऊन मग इसबगोलाला किमान दोन तास थांबावं, थायरॉइडची गोळी असेल तर चार तास, नाहीतर इसबगोल ती गोळी आपल्याबरोबरच बाहेर घेऊन जातो.